फोटोतला रॅम्प

नोकरीत मी तीन रॅम्प बांधले. त्यांतल्या एकावर चढता येतं.

हे वाक्य मी एकदा जेवताना घरात बोलून गेलो होतो. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असा फोन आला तेव्हा बायकोने नेमकं तेच बाहेर काढलं. "लिहा की," म्हणाली, "बाकीचे आपापले पराक्रम लिहितील, तुम्ही रॅम्पचं लिहा. हिंमत असेल तर." हिंमत नव्हती. पण निवृत्त माणसाला दिवसभर घरातच राहायचं असतं, म्हणून लिहायला बसलो.

मी ग्रामसेवक होतो, सगळी नोकरी नंदुरबार जिल्ह्यात. ज्यांचा ग्रामपंचायतीशी संबंध फक्त जन्मदाखल्यापुरता आला त्यांच्यासाठी सांगतो. सरपंच गावाने निवडलेला असतो आणि ग्रामसेवक सरकारने पाठवलेला. सरपंच म्हणेल ते नियमात बसवून लिहायचं आणि वरून येईल ते सरपंचाच्या गळी उतरवायचं, हा आमचा धंदा. दाखले, नळपट्टी, घरकुलाच्या याद्या, ग्रामसभेचं इतिवृत्त, आणि अलीकडे फोटो. गावात कशावरूनही भांडण झालं तरी दोन्ही बाजूंचं एका मुद्द्यावर एकमत असतं, की चूक भाऊसाहेबांची आहे. भाऊसाहेब म्हणजे मी. आमच्याकडे ग्रामसेवकाला याच नावाने हाक मारतात. माझं खरं नाव गावाला निवृत्तीच्या निरोप समारंभात, श्रीफळ देताना कळलं.

सुरुवातीची काही वर्षं अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या एका गावात काढली. तिथे दिवाल्याबाबा नावाचे एक म्हातारे होते. दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण ग्रामसभा एक चुकवली नाही. नातीचा खांदा धरून यायचे आणि माझ्या टेबलाला टेकून जमिनीवर बसायचे. सभेत पहिलं काम असतं मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचून म्हणजे काय, तर ग्रामसेवक पहिल्या दोन ओळी खड्या आवाजात वाचतो, मग गुणगुणल्यासारखं काहीतरी करतो आणि शेवटी "कायम करण्यात आले" एवढं पुन्हा मोठ्याने म्हणतो. सगळे मान हलवतात. एका सभेत मी असंच केलं, तर बाबा भिली बोलीत शिपायाला काही बोलले आणि शिपाई हसायला लागला. मी विचारलं तर सांगेना. फार खोदल्यावर म्हणाला, "बाबा बोलतो, साहेबाने तीन पानं एकदम उलटली. एका पानाचा आवाज असा नसतो."

मग काय, वाचली तिन्ही पानं. लोक जांभया देत होते, मला घाम फुटला होता. दुसऱ्या पानावर बाबांच्या पाड्यावर हातपंप मंजूर केल्याचा ठराव होता. तो मंजूर झाल्याचं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच आठवलं. त्यानंतर मी पानं एकेक करून उलटायला लागलो. वाचायला नव्हे, उलटायला. माणसाला अक्कल एकदम येत नाही.

पुढे बदली होऊन मी खाली सपाटीवर आलो, रनाळ्याच्या बाजूला, अहिराणी बोलणाऱ्या मुलखात. गावाचं नाव सांगत नाही. गावातले लोक दिवाळी अंक वाचत नसले तरी त्यांचे जावई वाचतात.

इथेच तो आदेश आला. सर्व ग्रामपंचायत कार्यालयांत दिव्यांगांना सहज येता-जाता यावं म्हणून रॅम्प बांधावा, आणि दिव्यांग व्यक्ती त्याचा वापर करत असल्याचा फोटो पंधरा दिवसांत पाठवावा. आदेश दोन पानांचा असो की वीस, ग्रामसेवकाच्या डोळ्यांत दोनच गोष्टी भरतात: मुदत आणि फोटो. बाकीचा मजकूर फायलीत जातो आणि तिथे सुखाने राहतो.

रॅम्पचं गणित सोपं आहे. एकास बारा. म्हणजे एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांबीचा उतार हवा, तरच चाकावरचा माणूस आपल्या हाताने वर जाऊ शकतो. आमच्या कार्यालयाचं जोतं अडीच फूट उंच, पुढे तीन पायऱ्या. हिशेबाने तीस फूट रॅम्प पाहिजे. दारासमोर मोकळी जागा होती दहा फूट, त्यापुढे निंबाचा पार. पाराला हात लावायचा म्हणजे तिथे बसणाऱ्या दहा म्हाताऱ्यांना हात लावायचा, आणि ते धाडस कुठल्या सरपंचात नसतं. मी नथ्थू मिस्तरीला विचारलं, "दहा फुटात बसेल का?" त्याने पान थुंकून जागेकडे पाहिलं. "बसाडी देस," म्हणाला.

आणि खरंच बसवला त्याने. एकास बाराच्या ऐवजी एकास चार झाला, एवढंच. सिमेंट असं घोटून काढलं होतं की दुसऱ्या दिवसापासून पोरं त्यावरून घसरगुंडी खेळायला लागली. बकऱ्यांनाही आवडला. आता फोटोपुरती दिव्यांग व्यक्ती हवी होती.

गावात इंदूताई होती. चाळिशीची, लहानपणी पोलिओ होऊन दोन्ही पाय गेलेले. हाताने पेडल मारायची तीनचाकी सायकल होती तिच्याकडे, आणि भावाच्या ओसरीवर हातमशीन. आमच्या पंचक्रोशीत ब्लाऊज शिवावा तर इंदूताईने, असं बायका म्हणत. माझी बायकोही म्हणायची. गळ्यात चोवीस तास टेप आणि जिभेला तिच्या कात्रीइतकीच धार. मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती एका ब्लाऊजची बाही उसवत होती.

"ताई, तुमच्यासाठी रॅम्प बांधला आहे. एक फोटो पाहिजे."

"मन्हासाठे?" तिने मान वर केली. "मंग ग्रामसभाले माले वर येता यी?"

"येता येईल की," मी म्हटलं. ज्या सहजतेने हे म्हटलं ती आठवली की आजही कानशिलं तापतात.

तिने हे का विचारलं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इंदूताईला स्वतःचं घर हवं होतं. घरकुलासाठी तिने तीनदा अर्ज केला होता. घरकुल कुणाला द्यायचं याची यादी ग्रामसभेत वाचली जाते, आणि सभेने हो म्हटलं तरच नाव पुढे जातं. आमच्याकडची रीत अशी, की बाईचं नाव पुकारलं तर उत्तर घरातला पुरुष देतो. त्यातून बाई पायऱ्या चढू शकत नसेल तर तिला विचारायचा प्रश्नच येत नाही. तिन्ही वेळा तिचा भाऊ राजधरआप्पा उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "ती आमनीच शे. तिले निराळं घर कसाले?" तिन्ही वेळा नावापुढे शेरा पडला होता, भावाच्या कुटुंबात समाविष्ट.

राजधरआप्पा वाईट माणूस नव्हता, हेही लिहून ठेवतो. बहिणीला कधी उणा शब्द बोलला नाही. तिच्या सायकलचं चाक पंक्चर झालं तर हातातलं काम टाकून नीट करायचा. त्याला एवढंच कळत नव्हतं की हिला कमी काय आहे. मीही तिला एकदा हेच विचारलं होतं. ती म्हणाली होती, "भाऊसाहेब, लोके इचारतस, तू कोनाकडे ऱ्हास? माले एकदाव सांगानं शे, मन्हाकडे."

तर इंदूताई फोटोला आली ती या हिशेबाने. रॅम्पच्या पायथ्याशी थांबून तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. गुलाब शिपाई आणि नथ्थू मिस्तरी दोघांनी मागून रेटा दिला, दोघांचे चेहरे लाल झाले, आणि सायकल वर गेली. मी खालून फोटो काढला. फोटोत गुलाबचा हात आणि मिस्तरीची टोपी येत होती, ती बोटाने कापून टाकली. राहिली एकटी इंदूताई, रॅम्पच्या माथ्यावर, मागे तिरंगी रंगात रंगवलेली ग्रामपंचायतीची पाटी. फार छान फोटो आला.

तेव्हा आमच्या गावात फोटो पाठवण्याइतकं नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळायचं. मी तिकडे धावलो, कारण मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. फोटो गेला. तेवढ्यात तालुक्याहून साहेबांचा फोन आला, छान, म्हणाले. छान म्हटल्यावर माणूस चहा घेतो. मी चहा घेतला. मिस्तरी जेवायला घरी गेला होता आणि गुलाबला वाटलं भाऊसाहेब आहेत तिथे. तास-दीड तासाने मी परत आलो, तर इंदूताई रॅम्पच्या माथ्यावर तशीच बसलेली. सायकलला ब्रेक म्हणावा असा नव्हता, म्हणून एका हाताने तिने दाराची कडी धरून ठेवली होती. दुसऱ्या हातात टेप.

"फोटोमा मी वर चढेल शे," ती म्हणाली. "आते खाले कोन उतारी?"

मी गुलाब कुठे दिसतो का ते पाहू लागलो.

"आनि आतमा कसी जासु? तुमना दरवाजा तीस इंच. मन्ही सायकल बत्तीस." टेपची गुंडाळी करत ती मला शिकवणी द्यायला लागली. "भाऊसाहेब, आमना धंदामा पैले माप लेतस, मंग कापड कापतस. तुम्ही पैले फोटो काढी लिधा. आसा ब्लाऊज मी शिवा तर बाया मन्हा तोंडवर फेकी देतीन."

ती हे हसत म्हणाली. उन्हात तास-दीड तास एका हाताने कडी धरून बसलेली बाई हसत बोलते तेव्हा समोरच्याने काय करायचं असतं, हे आमच्या प्रशिक्षणात नव्हतं. मी गुलाबला हाका मारत सुटलो.

फोटोचं पुढे जे झालं ते ऐकण्यासारखं आहे. तो तालुक्याला गाजला. पंचायत समितीच्या आवारात त्याचा फ्लेक्स लागला, "सुगम कार्यालय, आदर्श कार्यालय" असा काहीसा मजकूर, आणि मला एका बैठकीत गुलाबाचं फूल आणि प्रशस्तिपत्र मिळालं. मी ते घेतलं. नको म्हणायचा विचार मनात आला होता, पण फूल हातात येईपर्यंतच. इतर गावांचे ग्रामसेवक टेप घेऊन आमचा रॅम्प बघायला आले आणि मापं लिहून घेऊन गेले. शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडेच होता, तिथे मी स्वतःच तसाच दुसरा बांधून टाकला. नथ्थू मिस्तरीला आता हात बसला होता.

आमच्या रॅम्पवर मात्र दिव्यांग सोडून सगळे चढत होते. उन्हाळ्यात बायकांनी त्यावर कुरडया आणि पापड वाळवले. सरपंच फटफटी थेट दारापर्यंत नेऊ लागले. इंदूताई रस्त्याने जाताना सायकल थांबवायची आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारायची, "फोटोना रॅम्प कसा शे? तब्येत बरी शे ना?" म्हातारे खोकेपर्यंत हसायचे. मी आत खिडकीपाशी बसून फाईल वाचत असल्याचं सोंग करायचो.

मग पंधरा ऑगस्टची ग्रामसभा आली. त्या सभेत घरकुलाची यादी होती आणि यादीत चौथ्यांदा इंदूताईचं नाव. झेंडावंदन झालं, लोक पायऱ्या चढून कार्यालयाच्या हॉलमध्ये जायला लागले आणि इंदूताई खाली येऊन थांबली. तिला रेटायला दोन दणकट माणसं लागायची. गुलाब दारात सह्या घेत होता, मिस्तरी त्या दिवशी शहाद्याला गेला होता, आणि वर नेली तरी दार तीस इंचच होतं. राजधरआप्पा खाली गेला. "चाल, मी उचली लेस," म्हणाला.

"नको दादा," ती म्हणाली. "उचली लयेल मानूसनं बोलनं कोन आयकस?"

ती पायऱ्यांपाशीच राहिली. मी यादी वाचत गेलो. तिचं नाव आलं. राजधरआप्पा उभा राहिला, आणि दरवेळचं वाक्य दरवेळेसारखंच बोलला, प्रेमाने. मी ज्या खिडकीपाशी बसलो होतो तिथून खाली सायकलचं पुढचं चाक दिसत होतं. माझ्या हातात पेन होता. मी लिहिलं, भावाच्या कुटुंबात समाविष्ट.

मला तेव्हा लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. टेबल उचलून खाली पारावर ठेवलं असतं तरी भागलं असतं. ग्रामसभा हॉलमध्येच घ्यावी असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. पण ते मला सुचलं महिन्याभराने, आणि तेही बायकोने विचारल्यावर. सभा संपून मी खाली उतरलो तेव्हा इंदूताई तिथेच होती.

"मन्हं नाव उनं ना? काय लिखं?"

मी सांगितलं. "बरं," ती म्हणाली आणि सायकल वळवून गेली. तिने चिडवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या ओसरीवर गेलो. माझ्या हातात फाईल नव्हती, म्हणून ती जरा बावरली. मी म्हटलं, "ताई, चला. माप घ्या."

"कसानं?"

"कार्यालयाचं. तुम्ही सांगाल तसं शिवतो."

ती आली. टेपचं एक टोक गुलाबने धरलं, दुसरं तिने. दार, जोतं, ओटा, सगळं मोजून झालं आणि मग तिने सायकल कार्यालयाच्या बाजूच्या भिंतीकडे वळवली. तिथे मुतारीच्या वासामुळे कुणी फिरकत नसे. भिंत भरली छत्तीस फूट. रॅम्प समोरून न आणता भिंतीच्या कडेकडेने आणला तर तीस फूट आरामात बसत होता, वर वळायला चौथरासुद्धा निघत होता. आम्ही चार शहाण्या माणसांनी समोरच्या दहा फुटांत डोकं आपटलं होतं, कारण समोरून फोटो चांगला येतो. मुतारी हलवावी लागणार होती. त्याबद्दल गावातल्या सगळ्या बायकांनी पुढे इंदूताईला दुवा दिला, तो वेगळा.

आता वर प्रस्ताव पाठवायचा होता. तालुक्याचे अभियंता साहेब म्हणाले, "अहो, तुमच्या रॅम्पचं कौतुक झालंय. फ्लेक्स लागलाय. त्याच्या शेजारी दुसरा कशाला? पहिल्यात वाईट काय आहे?" सरकारी कामात वाईट असं काही नसतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी "पहिला चुकला" असं कुठेही न लिहिता प्रस्तावाला नाव दिलं होतं, रॅम्पचे विस्तारीकरण. तरी साहेब अडले. जागेवर येऊन पाहतो म्हणाले.

आले. इंदूताई पारावर उतरून बसली होती आणि तिची सायकल रिकामी होती. ती म्हणाली, "साहेब, तुम्हीच बसी देखा." साहेब तरुण होते, हौशी होते. बसले. दोन्ही हातांनी पेडल फिरवत जोरात निघाले, रॅम्पच्या मध्यापर्यंत गेले, तिथे क्षणभर थांबले आणि उलटे आले. पारावरच्या म्हाताऱ्यांनी पाय वर घेतले. सायकल पाराला टेकून थांबली. साहेबांना काही लागलं नाही, फक्त चष्मा नाकावरून ओठावर आला होता.

"साहेब," इंदूताईने पदर तोंडाला लावून विचारलं, "फोटो काढू का?"

प्रस्ताव त्याच आठवड्यात मंजूर झाला. नथ्थू मिस्तरी मात्र रुसला. "तीस फूट? येवढामा तर गल्ली बनी जाई," म्हणत राहिला. इंदूताई रोज येऊन कामाशेजारी सायकल लावायची आणि हातमशीन नसल्यामुळे हाताने हूक-काज करत बसायची. मिस्तरीने कुठे घाई केली की टेप काढायची. शेवटी शेवटी तो तिला न विचारता थापीसुद्धा उचलेनासा झाला. दार छत्तीस इंचांचं केलं. जुना रॅम्प पाडायला वेगळी मंजुरी लागली असती, म्हणून तो तसाच ठेवला. थंडीत त्यावर लाल मिरच्या वाळायला पडल्या, आणि सरपंचांची फटफटी बंद झाली.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत इंदूताईचं नाव मी फेरविचारासाठी पुन्हा घेतलं होतं. सभा भरली. भिंतीच्या बाजूने सायकलच्या साखळीचा आवाज यायला लागला, करकर, मग थोडा विसावा, मग पुन्हा करकर. हॉलमधले लोक बोलायचे थांबले. ती दारातून आत आली, एकटी, आणि सायकल सरळ माझ्या टेबलाला आणून लावली. कपाळावर घाम होता. नवा ब्लाऊज घातला होता.

मी नाव वाचलं. राजधरआप्पा सवयीने उठला. "ती आमनी..."

"दादा, तू बठ," ती म्हणाली. "मन्हं नाव पुकारेल शे."

तो बसला, पण लगेच पुन्हा उठला. त्याच्या मनात जे होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर आलं. "लोके काय म्हनतीन? भाऊनी बहीनले घरथीन काढी दिधी."

इतकी वर्षं मी त्याला अडाणी समजत होतो. तो नुसता घाबरलेला होता.

इंदूताईने सायकल त्याच्याकडे वळवली. "मी कोठे जाई ऱ्हायनी, दादा? तुन्हाच खळामा एक कोपरा दे. मी तठेच ऱ्हासु. सन-वार तुन्हाच घर. फक्त दार मन्हं. तू येशी तं टकटक करजो, बस."

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. राजधरआप्पा हसला नाही. त्याने टोपी काढून चेहरा पुसला. ठराव झाला. हात आधी कुणाचा वर गेला ते मी पाहिलं नाही, मी लिहीत होतो. पण इतिवृत्तात सूचक म्हणून राजधरआप्पाचंच नाव आहे. सभा संपल्यावर मी सगळं इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवलं, एकेक पान. दिवाल्याबाबा तोवर हयात होते की नाही कोण जाणे.

घर बांधून व्हायला वर्ष गेलं. माझ्या निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने उरले होते. घर पूर्ण झालं की लाभार्थीसह घराचा फोटो पाठवावा लागतो, तो पाठवल्याशिवाय ते घर सरकारी लेखी पूर्ण होत नाही. मी फोन घेऊन गेलो. खळ्याच्या कोपऱ्यात छोटंसं घर, निळा रंग, दारापर्यंत जाणारा लांब सपाट उतार. तो नथ्थू मिस्तरीने इंदूताईच्या नजरेखाली केला होता, म्हणून तो मी माझ्या तीन रॅम्पांत धरत नाही. इंदूताई अंगणात होती.

"ताई, दारापुढे या. फोटो काढू."

"आते नही," ती म्हणाली. "पैले मी आतमा जास. फोटो मंग."

ती उतारावरून वर गेली, दारातून आत गेली, आत सायकल वळवली आणि दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मी फोन हातात धरून उभा राहिलो. राजधरआप्पा बैलांचं वैरणपाणी आटोपून आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आतून हातमशीनचा आवाज यायला लागला. एक शिवण झाली, दुसरी झाली. घाई असल्याची कुठलीच खूण नव्हती.

राजधरआप्पा पुढे झाला. दार ढकलायला त्याचा हात सवयीने उठला, अर्ध्यात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बोटं मुडपून त्याने बहिणीच्या दारावर टकटक केलं.

मशीन थांबलं. "कोन शे?"

"मी. राजधर." त्याने घसा साफ केला. "भाऊसाहेब बी शेतस."

"काय काम शे?"

तीस वर्षं टेबलामागे बसून, मान वर न करता, मी दारात आलेल्या प्रत्येकाला हेच विचारलं होतं. मला ते कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी म्हटलं, "ताई, फोटो पाहिजे."

"बठा जराखा," आतून आवाज आला. "हातमा काम शे."

मशीन पुन्हा सुरू झालं. बसायला पायरी शोधली, तर त्या घराला पायरी नव्हती. आम्ही दोघं उतारावरच बसलो आणि ती दार उघडायची वाट बघत राहिलो.